मोरीचे पाणी आणि विद्यापीठाचे शेत

जुन्या घराच्या परसात ज्यांचे बालपण गेले असेल, त्यांना एक दृश्य निश्चित आठवत असेल. न्हाणीघराचे आणि मोरीचे पाणी एका अरुंद चरातून परसाकडे जाई. तो चर जेथे संपे, तेथे अळूचे हिरवेगार आळे, चार-सहा केळी आणि शेजारी कर्दळीचा लालपिवळा ताटवा उभा असे. वैशाखात सारे अंगण करपून गेले, तरी हा कोपरा कधी सुकत नसे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी या व्यवस्थेला कोणतेही शास्त्रीय नाव दिले नव्हते. एकदा वापरलेल्या पाण्याचा उपयोग तेवढ्याने संपत नाही, ही गोष्ट त्या सहज धरून चालत.

पुढे घरे शहरांत आली. मोरीखालून नळ गेला, नळ गटाराला मिळाला, आणि गटार दृष्टीआड झाले. पाणी कोठून येते याची चिंता शहरातील गृहिणीला रोज पहाटे करावी लागते. परंतु ते कोठे जाते, हे पाहण्याचे तिला कारण उरले नाही. परसातील तो चर आता पुन्हा दिसू लागला आहे, आणि तोही आपल्या देशातील काही विद्यापीठांच्या आवारांत! तेथे तो फार मोठ्या प्रमाणावर आणि काटेकोर हिशेबाने चालविला जातो. अशाच एका आवाराची ओळख वाचकांना करून देण्याचा येथे विचार आहे.

पुसाचे आवार

राजधानी दिल्लीच्या पश्चिम भागात सुमारे पाचशे हेक्टर जमिनीवर भारतीय कृषि संशोधन संस्था वसलेली आहे. १९०५ साली बिहारमधील पुसा या गावी तिची स्थापना झाली. १९३४ च्या भयंकर भूकंपात तेथील इमारतींची मोठी हानी झाली, तेव्हा १९३६ साली ती दिल्लीस हलविण्यात आली. गाव मागे राहिले. परंतु त्याचे नाव संस्थेबरोबर आले, आणि दिल्लीकर आजही तिला ‘पुसा’ याच नावाने ओळखतात. १९५८ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशातील कित्येक कृषिशास्त्रज्ञ येथेच शिकून तयार झाले. आपल्या ताटातील गव्हाच्या पोळीचा आणि बासमती भाताचाही या आवाराशी जवळचा संबंध आहे. कारण येथे तयार झालेली वाणे देशभरच्या शेतांत पोहोचली आहेत.

अशा या आवाराला दोन गोष्टींची सदैव गरज असते. एक म्हणजे प्रयोगाच्या शेतांसाठी पाणी, आणि दुसरी म्हणजे वस्तीतून निघणाऱ्या सांडपाण्याची विल्हेवाट. शेताला पाणी हवे म्हणून जमिनीतून उपसा करावा, तर दिल्लीचे भूजल खोल खोल जात आहे. सांडपाणी नाल्यात सोडून द्यावे, तर तो नाला अखेरीस यमुनेला मिळतो. म्हणजे एकीकडे टंचाई आणि दुसरीकडे नको असलेले पाणी, अशी दोन्ही दुखणी एकाच आवारात नांदत होती. एका दुखण्याचे औषध दुसऱ्यात सापडेल काय, असा प्रश्न संस्थेच्या जल तंत्रज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी स्वतःस विचारला. या कामाचे नेतृत्व डॉ. रविंदर कौर यांनी केले. २०१२ साली या प्रश्नाचे उत्तर शेताच्या कडेला प्रत्यक्ष उभे राहिले. त्याला ‘जलोपचार’ असे समर्पक नाव मिळाले.

ताटातील भाजीचा प्रश्न

हा प्रश्न एका संस्थेपुरता मर्यादित नव्हता. आपल्या देशातील बहुतेक मोठ्या शहरांच्या सीमेवर नाल्याकाठी भाजीपाला पिकविला जातो. त्या शेतकऱ्याला विहिरीचे पाणी परवडत नाही, आणि कालव्याचे पाणी त्याच्यापर्यंत येत नाही. नाला मात्र बारा महिने वाहतो. शिवाय त्याच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असल्याने पीकही जोमाने येते. शेतकरी ते पाणी वापरतो, यात नवल नाही. त्याला दोष देणेही योग्य होणार नाही.

तथापि, त्या पाण्यातून जंतांची अंडी, हगवणीचे आणि विषमज्वराचे जंतू, तसेच कारखान्यांजवळच्या नाल्यांतून शिशासारखे जड धातू शेतात येतात. ते पालेभाजीच्या पानांवर बसतात, काही अंशी देठांत उतरतात, आणि सायंकाळच्या बाजारातून आपल्या स्वयंपाकघरात प्रवेश करतात. नाल्यात रोज अनवाणी उभा राहणारा शेतकरी आणि त्याची मुले तर या रोगांच्या तावडीत सर्वांआधी सापडतात. सांडपाणी शेतीला वापरावे की वापरू नये, हा वाद त्यामुळे निरर्थक ठरतो. ते वापरले जातच आहे. ते शुद्ध करून वापरले जाईल की जसेच्या तसे, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सांडपाण्याच्या सुरक्षित वापराविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, ती हीच वस्तुस्थिती ध्यानात घेऊन.

पाणकणसाची करामत

आता पुसाच्या शेताकडे वळू. लगतच्या कृषिकुंज वसाहतीचे आणि लोहा मंडी या वस्तीचे सांडपाणी येथे आणले जाते. प्रथम ते जाळ्यांतून गाळले जाते, तेव्हा चिंध्या, कागद, प्लॅस्टिकच्या पिशव्या इत्यादी घन वस्तू बाजूला होतात. नंतर पाणी संथ केले की वाळू-माती तळाशी बसते. येथवरची रीत कोणत्याही शुद्धीकरण केंद्रासारखीच आहे. यापुढे मात्र मोठी यंत्रे, पंखे किंवा रसायनांच्या टाक्या दिसण्याऐवजी पाहुण्याला समोर दिसते ते गवताचे हिरवे रान.

खडी आणि वाळू यांचे थर भरलेल्या मोठमोठ्या वाफ्यांतून हे पाणी सावकाश झिरपत जाते. वाफ्यांत पाणकणीस लावलेले आहे. तळ्याकाठी, ओढ्याच्या दलदलीत उंच वाढणारी, तपकिरी कणसाची ही वनस्पती सर्वांनी पाहिलेली असते. काही भागांत तिला रामबाण असेही म्हणतात. ती चिखलात उगवते आणि चिखलात प्राणवायू नसतो. तेव्हा जगण्यासाठी निसर्गाने तिला एक युक्ती दिली आहे. तिचे देठ आणि पाने आतून पोकळ कप्प्यांची असतात; त्यांतून हवेतील प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो आणि मुळांभोवतीच्या मातीतही थोडा पसरतो.

खरे काम करणारे कामकरी या मुळांभोवतीच राहतात. ते आहेत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. खडीच्या प्रत्येक खड्यावर आणि मुळांच्या प्रत्येक तंतूवर त्यांचा बुळबुळीत थर जमतो. सांडपाण्यातील साबण, अन्नकण आणि मैला हेच त्यांचे खाद्य. प्राणवायूच्या साहाय्याने ते या घाणीचे विघटन करतात. मुळांपासून दूर, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटचे रूपांतर साध्या नत्रवायूत करून ते हवेत सोडून देतात. काही नत्र आणि स्फुरद वनस्पती स्वतः खाते. धातूंचे कण खडीला आणि मुळांना चिकटून राहतात. अनेक रोगजंतू या लांबच्या प्रवासात गाळले जातात किंवा उपासमारीने नष्ट होतात.

दलदलीच्या या गुणाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधण्याचे बरेचसे श्रेय जर्मनीतील काथे झाइडेल या विदुषींना दिले जाते. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी पाणवनस्पतींवर हे प्रयोग आरंभिले. त्याआधी, १९१४ साली, इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात जोराने हवा फुंकून जिवाणू वाढविण्याची रीत शोधून काढली होती, आणि जगातील बहुतेक मोठ्या शहरांनी तीच उचलली. दोन्ही रीतींत काम करणारे जिवाणूच असतात. पहिल्या रीतीत त्यांना श्वास पुरविण्यासाठी वीज अहोरात्र जाळावी लागते. दुसऱ्या रीतीत ते काम गवत करते, मात्र त्यासाठी जागा अधिक लागते. ज्या शहरात हात ठेवायला जमीन नाही, तेथे पहिली रीत सोयीची. विद्यापीठांच्या विस्तीर्ण आवारांत जमीन असते. म्हणून गवताची रीत तेथे चांगली रुजते.

बावीस लाख लिटर

पुसाच्या या केंद्राची क्षमता दररोज बावीस लाख लिटर आहे. रस्त्यावरून जाणारा मोठा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर दररोज दोनशे वीस टँकर पाणी झाले. संपूर्ण केंद्राने दीड हेक्टरहूनही कमी जागा व्यापली आहे, आणि त्याचे पाणी संस्थेच्या १३२ हेक्टर शेतीस पुरविता येते. हिशेब केल्यास दर हेक्टरी रोज सुमारे साडेसोळा हजार लिटर पाणी पडते. भर उन्हाळ्यातील पिकाची संपूर्ण तहान एवढ्याने भागणार नाही. परंतु तेवढा उपसा तरी जमिनीतून करावा लागत नाही, आणि पावसाने दगा दिला तरी हे पाणी दगा देत नाही. जोवर वस्तीत माणसे आंघोळ करतात आणि भांडी घासतात, तोवर शेताला पाणी येत राहणार.

आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी केली असता गढूळपणा जवळजवळ नाहीसा झालेला, आणि जिवाणूंना कुजविण्याजोगा सेंद्रिय भाग शंभरात ऐंशीहून अधिक प्रमाणात कमी झालेला आढळला. शिशासारख्या धातूंचे प्रमाणही बरेच उतरले. रसायने लागली नाहीत, आणि वीज लागली ती मुख्यतः पाणी चढविण्यापुरती.

पाणकणीस वाढले की ते कापावे लागते. नाही तर जुनी पाने कुजून शोषलेले सर्व पुन्हा पाण्यात मिसळते. या कापलेल्या गवताचे काय करावे, हाही प्रश्न शास्त्रज्ञांनी सोडविला. ते वाळवून, दाबून त्यापासून लाकडासारख्या फळ्या तयार केल्या. अशा रीतीने घाणीतून पाणी, पाण्याबरोबर गवत आणि गवतातून फळी, अशी ही साखळी कोठेही न तुटता पुढे जाते.

विद्यापीठेच का?

एखाद्या वाचकाच्या मनात येईल की, सांडपाण्याची व्यवस्था हे नगरपालिकेचे काम. त्यात विद्यापीठांनी का पडावे? याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. पाच हजार माणसे राहतात असे एक आवार डोळ्यांसमोर आणू. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यासाठी दर माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे या आवाराला रोज पावणेसात लाख लिटर पाणी हवे. त्यांपैकी शंभरात ऐंशी भाग, म्हणजे पाच लाख चाळीस हजार लिटर, सांडपाणी होऊन परत निघते. आता १३५ लिटरांपैकी ४५ लिटर केवळ शौचकूप धुण्यासाठी जातात असे धरले जाते. पाच हजार माणसांचे मिळून ते झाले सव्वादोन लाख लिटर. पिण्यायोग्य केलेले, दुरून नळाने आणलेले, पैसे मोजून घेतलेले सव्वादोन लाख लिटर पाणी आपण रोज शौचकुपात ओततो!

शुद्ध केलेले सांडपाणी या कामी वापरले, तर बाहेरून आणावयाच्या पाण्यात तिसऱ्या हिश्शाची बचत होते. एवढे करूनही सव्वातीन लाख लिटरांच्या आसपास पाणी बागा, मैदाने आणि वृक्ष यांच्यासाठी शिल्लक राहते. जे पाणी निर्माण होते तेथेच ते खपते, त्यामुळे मैलोगणती नळ टाकण्याचा खर्च नाही. मालक एक, व्यवस्थापक एक, पाणी तपासण्यास प्रयोगशाळा हाताशी, आणि शिकणारे तरुणही जवळच. विद्यापीठाचे आवार हे एक छोटे शहरच असते. मात्र जे शहरात करून पाहण्यास वर्षे लागतात, ते येथे एका निर्णयाने करता येते.

हे ओळखून देशातील काही संस्थांनी पावले टाकली आहेत. नागपूर येथे १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी एक केंद्रीय संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नावाने सर्वांस परिचित आहे. या संस्थेने खडी आणि वनस्पती यांच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याची ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली, आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारात ती प्रत्यक्ष वापरण्यात आली. पवई येथील आय.आय.टी.मध्ये प्राध्यापक शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीसारख्या थरांत जिवाणू, गांडुळे आणि वनस्पती यांना एकत्र नांदवून पाणी शुद्ध करण्याची दुसरी एक रीत सिद्ध केली. चेन्नईच्या आय.आय.टी.त आवारातील सांडपाणी शुद्ध करून ते शौचकुपांसाठी आणि बागांसाठी वापरतात. २०१९ च्या उन्हाळ्यात त्या शहराचे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते, हे आठवले की अशा व्यवस्थेचे मोल ध्यानात येते. बिहारमधील राजगीरजवळ नालंदा विद्यापीठाच्या नव्या आवाराचे उद्घाटन १९ जून २०२४ रोजी झाले; तेथे तर वापरलेल्या पाण्याच्या पुनर्वापराची सोय मूळ आराखड्यातच करण्यात आली आहे.

नव्या आवाराला ही गोष्ट सोपी जाते. इमारत बांधतानाच दोन नळ टाकता येतात, एक ताज्या पाण्याचा आणि दुसरा शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा. जुन्या इमारतींत मात्र भिंती फोडून दुसरा नळ नेणे खर्चाचे होते. तेथे बागेपासून आरंभ करणे शहाणपणाचे.

केंद्र बांधणे आणि केंद्र चालविणे

येथवर वाचून कोणास वाटेल की सारे काम सरळ आहे. तसे ते नाही. केंद्र बांधण्यास एक वर्ष पुरते. ते चालविण्याला मात्र सुटी नसते. आणि विद्यापीठाला तर भरपूर सुट्या असतात! मे महिन्यात वसतिगृहे ओस पडतात. सांडपाणी येणे थांबले की जिवाणूंचे अन्न थांबते, आणि त्यांची संख्या झपाट्याने घटते. जुलैत सर्व मुले एकदम परततात, तेव्हा दुबळ्या झालेल्या जिवाणूंवर पूर्ण भार कोसळतो. रविवारी सारे वसतिगृह कपडे धुते, म्हणून त्या दिवशी साबणाचा लोंढा निराळाच. जाणकार व्यवस्थापक यासाठी मोठी साठवण टाकी ठेवतो आणि पाणी दिवसभर सारख्या धारेने सोडतो.

भोजनगृह हा दुसरा उपद्रवी घटक. पाचशे मुलांच्या आमटी-भाजीचे तेल मोरीत गेले की ते नळांत गोठते, आणि खडीवर साय धरून जिवाणूंचा श्वास कोंडते. म्हणून भोजनगृहाच्या मोरीपुढे तेल वर तरंगून अडेल अशी वेगळी कुंडी असावी लागते, आणि ती वेळच्या वेळी उपसावी लागते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील आम्ले आणि धातूंचे क्षार तर या पाण्यात कधीच मिसळता कामा नयेत. एका बेफिकीर विद्यार्थ्याने ओतलेली बाटली कोट्यवधी जिवाणूंचा संहार करू शकते; त्यांची वाढ पुन्हा होण्यास कित्येक दिवस जातात.

दोन नळ जेथे शेजारून जातात, तेथे ते चुकूनही एकमेकांस जोडले जाऊ नयेत, ही सर्वांत मोठी खबरदारी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या नळांना जांभळा रंग देण्याची पद्धत पडली, आणि पुढे ती दूरवर पसरली. अशा नळाच्या तोटीवर ‘पिण्यासाठी नाही’ ही पाटी स्थानिक भाषेत असावी. माळी, सफाई कामगार आणि मुले यांना ती वाचता आली पाहिजे.

आणि या सर्वांच्या मागे एक माणूस उभा असतो, त्याचा विसर पडू नये. जाळीवरचा कचरा काढणारा, कुंडी उपसणारा, गवत कापणारा हा कामगार नसेल, तर उत्तमोत्तम केंद्रही सहा महिन्यांत दुर्गंधीचे डबके होऊन बसेल. आपल्या समाजाने हे काम शतकानुशतके काही जातींच्या माथी मारले आणि वर त्यांनाच दूर ठेवले. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यास माणूस लावणे आणि संरक्षक साधनांवाचून त्याला गटारात उतरविणे गुन्हा ठरविले आहे. विद्यापीठाच्या केंद्रात काम करणाऱ्यास हातमोजे, गमबूट, योग्य वेतन आणि प्रशिक्षण मिळाले, त्याला तंत्रज्ञ म्हणून मान मिळाला, तर ती शुद्ध पाण्याइतकीच मोलाची कमाई होईल. जेथे हा मान नसतो, तेथील केंद्रे बहुधा आधी बंद पडतात.

मनातील अडसर

एक अडसर यंत्रात नसून मनात आहे. शुद्ध केलेले सांडपाणी काचेच्या पेल्यात धरले, तर ते नळाच्या पाण्यासारखेच दिसते. तरीही त्याच्या उगमाचा विचार मनात आला की शिसारी येते. ही भावना वाईट नाही. माणसाच्या अनेक पिढ्या तिच्यामुळेच रोगराईपासून वाचल्या. परंतु भावनेला विवेकाची जोड हवी. अशा आवारांत पिण्यासाठी हे पाणी दिले जात नाही. कच्ची खावयाची कोथिंबीर आणि मुळे यांसाठी नियम कडक, शिजवून खावयाच्या धान्यासाठी त्याहून सौम्य, आणि शोभेच्या झाडांसाठी आणखी सौम्य, अशा पायऱ्या शास्त्राने घालून दिल्या आहेत. त्या पाळणे हाच विवेक.

कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे साडेबारा हजार हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. शहराचे सांडपाणी तेथील उथळ तळ्यांत खेळविले जाते. ऊन आणि शेवाळ यांच्या संगतीत ते निवळते, आणि त्यावर मासे पोसले जातात. कोणत्याही विद्यापीठाने तेथील कोळ्यांना हे शिकविले नव्हते. ध्रुबज्योती घोष या अभियंत्याने आयुष्यभर त्या कोळ्यांकडून ते समजून घेतले, जगाला समजावून सांगितले, आणि त्या पाणथळाच्या रक्षणासाठी झगडा दिला. २००२ साली त्याला रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ म्हणून स्थान मिळाले. २०१८ साली घोष निवर्तले. कोलकात्यातील असंख्य घरांत ती मासळी आजवर आवडीने खाल्ली जात आली आहे. सवय आणि विश्वास यांच्यापुढे शिसारी कशी मागे सरते, याचे हे बोलके उदाहरण.

थेंब आणि सागर

वाचकांनी आता देशाच्या हिशेबाकडे पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशाच्या नागरी भागांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते, असा अंदाज होता. त्यापैकी प्रत्यक्ष शुद्ध होत होते केवळ २०,२३६ दशलक्ष लिटर. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, ३१,८४१ दशलक्ष लिटर शुद्ध करण्याची केंद्रे उभारली गेली होती. म्हणजे पैसा खर्चून बांधलेल्या क्षमतेचाही तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग वापराविना राहिला. उणीव केवळ पैशाची किंवा ज्ञानाची नाही, हे यावरून स्पष्ट होते. उणीव आहे ती रोजच्या निगराणीची.

या महासागरापुढे पुसाचे बावीस लाख लिटर म्हणजे एक थेंब. परंतु विद्यापीठाच्या आवारातील केंद्राचे महत्त्व त्याच्या पाण्याने मोजू नये. तेथे राहून गेलेला मुलगा किंवा मुलगी पुढे कोठे तरी अभियंता, शिक्षक, तहसीलदार किंवा नगरसेविका होणार आहे. आपल्या वसतिगृहाचे पाणी कोठे जाते, हे ज्याने चार वर्षे पाहिले, रविवारी कपडे धुताना ज्याला जिवाणूंची आठवण झाली, तो उद्या आपल्या गावाचे केंद्र सहजासहजी बंद पडू देणार नाही. विद्यापीठाकडून समाजाला याहून मोठी देणगी कोणती हवी?

आपली मुले-मुली ज्या महाविद्यालयात शिकतात, तेथे सुटीत भेटीस गेलात, तर ग्रंथालय आणि सभागृह अवश्य पाहा. नंतर मात्र एक प्रश्न विचारण्यास संकोच करू नका: “येथले सांडपाणी कोठे जाते?” विचारणाऱ्यांची संख्या वाढली की उत्तर देणाऱ्यांना ते शोधावे लागेल. आणि आपल्या घरीही थोडे करता येईल. उरलेले तेल मोरीत न ओतणे, साबणाची पूड बेताने वापरणे, बाजारातील पालेभाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन आणि शक्यतो शिजवूनच खाणे, आणि अंगण असेल तर आंघोळीचे पाणी केळीच्या आळ्याकडे वळविणे.

आपल्या आज्या-पणज्यांनी मोरीपासून परसापर्यंत जो चर खणला होता, तो वाटेत कोठे तरी बुजला. पुसाच्या शेतात, पाणकणसाच्या त्या हिरव्या वाफ्यांत तो पुन्हा वाहता झाला आहे. आता तो वाहता ठेवणे आपल्या हाती आहे.